टर्बो नवा, धूर जुनाच

प्रश्न : ऑक्टेव्हिया व्हीआरएस (1.8 टर्बो पेट्रोल) निळा धूर सोडू लागली म्हणून टर्बो रिबिल्ड करून घेतला. दोन हजार किलोमीटरच्या आत पुन्हा धूर. टर्बोवाला म्हणतो, माझ्या कामात खोट नाही. (वाचक, सांगली)

उत्तर : तो खरंही बोलत असेल. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. तो बहुधा तेलापायी जातो, नाहीतर आत शिरलेल्या कचऱ्यापायी. ते कारण तसंच राहिलं तर दुसराही त्याच वाटेने जाणार.

आधी टर्बो उतरवून बघा. शाफ्टला (चाकांच्या दांड्याला) आडवा थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, असतोच, पण चाक हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) घासता कामा नये. पुढे-मागे मात्र हाताला काहीच जाणवू नये. डायल गेजवर 0.1 मिमीच्या वर गेलं की थ्रस्ट बेअरिंग (शाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारं) संपलं समजा. शाफ्ट निळा-काळा पडला असेल तर तेल पोचत नव्हतं. अशा वेळी दोन जागा तपासा. टर्बोला तेल पोचवणारी फीड पाइप एक्झॉस्टच्या तापात असते, आतलं तेल जळून कोळसा होतो. बाहेरून ती ठणठणीत दिसते, म्हणून क्लीनर मारून जुनीच परत बसवतात. तसं करू नका, नवी टाका. दुसरी जागा चेंबरमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) ऑइल पिकअपची, म्हणजे पंप जिथून तेल ओढतो तिथली जाळी. या इंजिनात ती गाळाने हमखास तुंबते, आणि चेंबर उतरवायचा कंटाळा म्हणून कोणी बघत नाही.

शाफ्ट स्वच्छ असूनही धूर येत असेल तर तेल परत जायची वाट अडली आहे. टर्बोचे सील म्हणजे रबर नव्हे, बारीक धातूच्या रिंगा. तेल साचलं की त्या ते अडवू शकत नाहीत. ड्रेन पाइपमधून तेल नुसतं उतारावर वाहतं, त्यामुळे पॅकिंगला फासलेल्या सिलिकॉनचा सुटलेला तुकडाही पुरतो. ब्रीदरचे (चेंबरातलं प्रेशर बाहेर सोडणारे) पाइप आणि व्हॉल्व्हही बघा. इंजिनाच्या रिंगा झिजून चेंबरात प्रेशर वाढलं तरी हेच होतं, तेव्हा टर्बोवर पुन्हा खर्च करण्याआधी लीकडाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणं) करून घ्या.

टर्बो परत बसवताना इंटरकूलर (टर्बोची गरम हवा गार करणारा रेडिएटर) आणि त्याचे पाइप धुऊन घ्या. टर्बोच्या फीडच्या भोकात तेल ओतून चाक हाताने फिरवा. इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढून, थांबत थांबत, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा. मग दोन-तीन मिनिटं आयडल. रेस अजिबात नको. सायलेन्सरमध्ये साचलेलं जुनं तेल जळेपर्यंत थोडा धूर येईल, त्याला घाबरून टर्बो परत उतरवू नका.

प्रश्न : याच इंजिनाला नवे पिस्टन टाकून बूस्ट वाढवायचा आहे. रिंग गॅप किती ठेवू? (वाचक, पुणे)

उत्तर : रिंग गॅप म्हणजे पिस्टनच्या रिंगेच्या दोन टोकांमधली फट; कंपनीचं माप 0.20 ते 0.40 मिमी. बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढला की रिंग जास्त तापते, फुगते; टोकं एकमेकांना भिडली की पिस्टनची रिंगेजवळची कड तुटते. फोर्ज्ड (ठोकून घडवलेल्या, जास्त मजबूत) पिस्टनबरोबर गॅपचा तक्ता येतो, तोच पाळा. नसेल तर बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) 0.005 ने गुणा : 81 मिमीला साधारण 0.40. दुसरी रिंग जरा सैल चालते. रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा आणि फीलर गेज लावा, प्रत्येक सिलिंडरला वेगळी. गॅप वाढवायला घासताना एकाच टोकाला, बाहेरून आत घासा, आणि कडेला राहिलेली धार काढून टाका.

प्रश्न : टर्बोचा नुसता कार्ट्रिज (शाफ्ट, चाकं आणि बेअरिंगचा मधला भाग) बदलला तर? (वाचक, नाशिक)

उत्तर : चालेल, हाउसिंगला तडा नसेल आणि हाय-स्पीड बॅलन्सिंगचा रिपोर्ट मिळत असेल तर. बूस्ट मर्यादेत ठेवणारा वेस्टगेट ॲक्च्युएटर मात्र पुन्हा सेट करावा लागतो.