जुन्या बाजारातल्या कॅमेऱ्यात सापडलेला परका फोटो

‘ताई, जुन्या बाजारातून पोलरॉइड ६०० कॅमेरा घेतला. घरी येऊन फिल्मची रिकामी पेटी बाहेर काढली, तर तिच्यात एक फोटो. मुंजीतलं मातृभोजन. पाटावर मुंजा, शेजारी त्याची आई, भोवती बायका आणि मुलं. खालच्या पांढऱ्या पट्टीवर बॉलपेनने लिहिलंय, “आईचा शेवटचा फोटो”. आधी रडू आलं, मग राग आला. असा फोटो कोणी भंगारात घालतं? भाऊ म्हणतो, इन्स्टाग्रामवर टाक, घरचे लगेच सापडतील. आई म्हणते, गेलेल्या परक्या बाईचा फोटो घरात नको, नदीत सोडून ये. गेल्या वर्षी आमचा वाडा पाडला तेव्हा आजोबांचं कपाट आम्हीही असंच देऊन टाकलं. काय करू?’
– एक वाचक, पुणे

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझ्या रागाबद्दल. या कॅमेऱ्यात फोटो काढला की तो लगेच समोरच्या फटीतून बाहेर येतो. येताना दोन रुळांमध्ये दाबला जातो, त्याच्या कडेची रसायनाची पुडी फुटते आणि चित्र बाहेर आल्यावर उमटतं. पूर्ण उमटलेला, वर पेनाने लिहिलेला फोटो आपोआप परत पेटीत जाणं शक्य नाही. तो कोणीतरी हाताने आत सरकवला आहे. आत अंधार असतो, फोटो सपाट राहतो, रंग कमी उडतात. म्हणजे ज्या माणसाने ती ओळ लिहिली, त्याने किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी तो जपून ठेवला होता.

पुढे काय झालं असेल याचा अंदाज तुलाच सगळ्यात चांगला येईल. पेठांमधले वाडे पाडायला निघाले की घर रिकामं करायला मोजके दिवस मिळतात. या कॅमेऱ्याची बॅटरी फिल्मच्या पेटीतच असते. पेटी जुनी झाली की कॅमेरा दाबूनही हलत नाही, बिघडलेला वाटतो. आवरणाऱ्याने तो उघडून बघितलाच नसेल. त्या घरच्यांना बोल लावू नकोस. आणि कपाटाबद्दल तू एकच वाक्य लिहिलं आहेस, पण हा राग थोडा तिकडचाही आहे असं मला वाटतं. तुम्हीही तेव्हा निष्काळजी नव्हता, घाईत होता.

फोटो नदीत सोडू नकोस. अशा फोटोला निगेटिव्ह नसते. त्या मुलाच्या आईचा त्या दिवशीचा हा फोटो जगात एकच आहे, आणि त्याचं काय करायचं हे ठरवणं आपलं काम नाही. आईला हे शांतपणे सांग. तिचं म्हणणं मोडीत काढू नकोस. भरलं घर रिकामं होताना तिनेही नुकतंच पाहिलं आहे. फोटो दिवाणखान्यात, देवघराजवळ ठेवणार नाही, माझ्या टेबलाच्या खणात राहील, एवढं कबूल कर. तरी तिला अस्वस्थ वाटलं तर एखाद्या विश्वासू मैत्रिणीकडे ठेव.

भावाचा उपाय मला अजिबात पटत नाही. फोटोतली मुलं आज मोठी माणसं आहेत, त्यांना कोणी विचारलेलं नाही. आपल्या आईचा शेवटचा फोटो एखाद्याला परक्याच्या रीलमध्ये, मागे गाणं लावलेला, अचानक दिसावा हे मला सहन होत नाही. शिवाय चेहरे आणि ती ओळ जगजाहीर झाली की खरा वारस ओळखायचा कसा? शोध घे, पण शब्दांनी. ‘पुण्यात जुन्या बाजारात घेतलेल्या इन्स्टंट कॅमेऱ्यात मुंजीचा फोटो सापडला आहे’ एवढंच लिही. पट्टीवरची ओळ, आईच्या साडीचा रंग, मागे काय दिसतं, हे स्वतःजवळ ठेव. जो हे न विचारता सांगेल, त्याला फोटो दाखव.

त्याआधी त्याच विक्रेत्याकडे जा. बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. गर्दी नसताना जा, आणि माल कुठून आणला असं पोलिसी थाटात विचारू नकोस, तो गप्प बसेल. फोटो सापडला, घरच्यांना द्यायचा आहे, असं सरळ सांग. कुठल्या भागातून माल आला एवढं कळलं तरी पुष्कळ झालं. फोटोच्या काळ्या पाठीवर बारीक छापील आकडे असतील तेही उतरवून घे. फिल्म कधी बनली याचा त्यावरून अंदाज येतो. ६०० चे कॅमेरे १९८१ पासूनचे, तेव्हा फोटो याच कॅमेऱ्यातला असेल तर मुंज त्याआधीची नाही.

तोवर तो जप. लॅमिनेशन नको, चिकट पानांचा अल्बम नको, आणि पांढरी किनार तर मुळीच कापू नकोस, आतले थर तिनेच धरलेले असतात. एकदा स्कॅन करून कागदी पाकिटात ठेव. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर. सजावटीसाठी जुने फोटो विकत घेणारे भेटतील, त्यांना देऊ नकोस. कोणी आलंच नाही तर तो तुझ्याकडेच राहू दे. घरचे सापडले आणि त्यांनी ‘आम्हाला नको’ म्हटलं, तर का म्हणून विचारू नकोस.

तुमच्याकडे कपाट गेलं, पण काही अल्बम उरले असतील. आईबरोबर बसून त्यांतली नावं वहीत लिहून काढा, फोटोंवर नाही. कोण कोणाचं कोण हे तिला आज आठवतंय.

आणि कॅमेरा जरूर वापर. पोलरॉइडने २००८ मध्ये ही फिल्म बंद केली होती, पण ती पुन्हा मिळू लागली आहे. पूर्वी एका पेटीत १० फोटो निघत, आता ८. घेताना ६०० चीच घे. आय-टाइप नावाची थोडी स्वस्त मिळते, पण तिच्यात बॅटरी नसते, तुझ्या कॅमेऱ्यात ती चालणार नाही.

– तुझी ताई