माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला तर?

पाऊस सरला, सह्याद्रीत सोनकी फुलली की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. "ट्रेकला जायची फार इच्छा आहे, पण मी मागे पडले आणि सगळ्यांना माझ्यासाठी थांबावं लागलं तर?" विचारणारे बहुतेक चाळिशीच्या आगेमागचे, डोंगराची सवय नसलेले. त्यातल्या एका ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून सांगते.

ताई शिक्षिका. सहामाही परीक्षा आटोपली की शाळेतला गट कळसूबाईला जाणार होता. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. ताईंनी नाव दिलं आणि त्यांची झोप उडाली. आदल्या वर्षी सहलीत एका गडाच्या चढावर त्यांच्या छातीत धडधडलं होतं, हात थरथरले होते, आता आपलं काही खरं नाही असं वाटलं होतं. डॉक्टरांनी ईसीजी, रक्तदाब सगळं तपासून हृदय ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. (ही तपासणी आधी व्हायलाच हवी. छातीत दुखत असेल, भोवळ येत असेल, तर समुपदेशकाच्या आधी डॉक्टर.)

मी त्यांना त्या चढाबद्दल बारीकसारीक विचारत गेले.

"गट थांबायचा का तुमच्यासाठी?"

"थांबायचा ना. पण मी पोचले की सगळे उठायचे आणि चालायला लागायचे."

"म्हणजे तुम्हाला विश्रांती किती मिळाली?"

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मिळालीच नव्हती. पुढचे दर वळणावर दहा-दहा मिनिटं बसत होते आणि सगळ्यात जास्त दमलेली बाई सलग चालत होती. खाली मान घालून, "सॉरी, सॉरी" म्हणत.

"आणि पाणी?"

"प्यायलेच नाही. वाटेत सोय नसते ना. पुन्हा त्यासाठी थांबा म्हणायचं..."

बायकांकडून हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी ते आधीच विचारते. ऑक्टोबरचं ऊन सह्याद्रीत फसवं असतं. सकाळी गारवा, दहानंतर कातळ तापतो, घाम वाहतो. पाणी कमी पडलं की नाडी आणखी जलद होते, डोकं हलकं होतं. ताईंना ती धडधड म्हणजे संकट वाटली, भीतीने श्वास उथळ झाला आणि धडधड वाढली. त्यांच्या भीतीत खोटं काहीच नव्हतं. पण लोकांना त्रास नको म्हणून त्या थांबत नव्हत्या, पीत नव्हत्या, बोलत नव्हत्या आणि शरीर खरोखरच कोलमडत होतं.

म्हणून आम्ही दोन गोष्टींवर काम केलं. पहिली, धडधडीशी ओळख. ताई रोज संध्याकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या, मुद्दाम थोड्या झपझप. वर उभं राहून छातीवर हात ठेवायचा, श्वास सावकाश सोडायचा आणि धडधड आपोआप उतरताना बघायची. पहिल्या आठवड्यात त्या रडवेल्या व्हायच्या. नंतर फोनवर म्हणाल्या, "उतरते हो खरंच, मी काही न करता."

दुसरी गोष्ट त्यांना जास्त जड गेली. गटाच्या म्होरक्याला आधीच सांगायचं: "मी हळू चालते. मी पोचल्यावर पाच मिनिटं सगळ्यांनी बसायचं. आणि आडोशाला जायचं असेल तेव्हा एक बाई माझ्यासोबत थांबेल." ही वाक्यं आम्ही माझ्या खोलीत मोठ्याने म्हणून पाहिली. "सॉरी" दर वेळी मध्ये घुसायचं, आम्ही ते काढत राहिलो.

ट्रेकच्या दिवशी बारी गावातून भल्या पहाटे निघाले. लोखंडी शिडीवर ताईंची नाडी पुन्हा उसळली. त्या वर आल्या, बाजूच्या कातळावर बसल्या आणि म्हणाल्या, "पाच मिनिटं." गट बसला. त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान शिक्षिका शेजारी येऊन बुटांची नाडी सोडत म्हणाली, "बरं झालं बोललात, माझे पाय केव्हाचे बोलतायत."

शेवटच्या शिडीखालच्या विहिरीपाशी पोचेपर्यंत परतायची ठरलेली वेळ झाली होती. ताई आणि आणखी दोघी तिथूनच फिरल्या. कळसूबाईचं देऊळ राहिलं. पुढच्या भेटीत त्या हिरमुसल्या होत्या आणि मी त्यांची समजूत काढली नाही. इतकी तयारी करून शिखर हुकलं तर वाईट वाटणारच, ते वाटू द्यावं.

तेव्हा त्यांनी विचारलं की जानेवारीत परत जायचं तर एक तास आधी निघू या, असं गटाला सांगणं जास्त होईल का. मी म्हटलं, आत्ताच इथे बसून मेसेज लिहा. त्यांनी लिहिला. "सॉरी" नव्हतं त्यात.