दिवसभर नुसतं बोलणं

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक काल रात्री पेन्सिल घेऊन वाचलं. सकाळी ६ ते रात्री ११, एकही गाणं नाही. श्रुतिका, खऱ्या माणसांच्या आवाजातली रूपकं, प्रश्नमंजूषा, बस्स. तुमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर असा दिवस करायचं कुणाच्या मनात आलं, याचाच मला केवढा आनंद झाला! पण सकाळी ८ ला तू पाऊण तासाचं नाटक लावलं आहेस. तिथं पेन्सिल थांबली.

सकाळी ८ ला घरात काय चाललेलं असतं? कुकर, डबे, कुणाचा तरी न सापडणारा मोजा. ऐकणारीचे हात कणकेत असतात. हाक आली की ती आत जाते, परत येते, तोवर तुझं नाटक चार पानं पुढे गेलेलं असतं. त्या वेळी दहा-बारा मिनिटांचं, घरातल्याच माणसांचं काहीतरी दे. मुंबई आकाशवाणीचं ‘पुन्हा प्रपंच’ आठव, नाहीतर आजीला विचार. प्रभाकर जोशींचे पंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी. तीन आवाज, तिन्हींचा पोत वेगळा. मधलं वाक्य निसटलं तरी कोण कुणाला बोलतंय, हे ओट्यापाशी कळायचं.

हे मी ठेच लागल्यावर शिकले. माझ्या पहिल्या श्रुतिकेत सात पात्रं होती, त्यात तिघे भाऊ, आणि तिन्ही कलाकार साधारण एकाच वयाचे, एकाच पट्टीत बोलणारे. स्टुडिओत काचेतून मला त्यांचे चेहरे दिसत होते, त्यामुळे काही खटकलं नाही. प्रक्षेपणाच्या दिवशी आई रेडिओला कान लावून बसली. संपल्यावर म्हणाली, “छान झालं गं, पण जमीन विकली ती नक्की कोणी?” अख्खं नाटक त्याच गोष्टीवर उभं होतं. तेव्हापासून आवाजाची चाचणी घेताना मी पाठमोरी बसते. तूही बस.

तुझं मोठं नाटक रात्री साडेनऊला ने. बीबीसीने मुद्दाम रेडिओसाठी लिहून घेतलेलं पहिलं नाटक १५ जानेवारी १९२४ ला झालं. रिचर्ड ह्यूज यांनी ते कोळशाच्या खाणीत घडवलं, आणि सुरुवातीलाच तिथले दिवे घालवले. पात्रांना काही दिसत नाही, श्रोत्यालाही नाही. दोघं एकाच अंधारात चाचपडतात. मला हे आजही थक्क करतं. आता तुझ्या संहितेतलं पान ३ काढ: “अरे, तू असा भिजून, हातात तुटकी छत्री घेऊन दारात का उभा आहेस?” असं कोणी बोलतं का? दाराची कडी, छत्री झटकल्याचा आवाज आणि बहिणीचं “टॉवेल घे आधी” एवढं पुरे. छत्री तुटकी की धड, ते ऐकणारीच्या मनात ठरू दे. पाऊस नेटवरून उतरवू नकोस, त्यातला बराचसा उकळत्या तेलासारखा वाजतो. बांबूच्या सुपात मूठभर मोहरी घे आणि माईकपासून हातभर लांब सूप हळूहळू कलतं कर. स्टीलचं ताट घेतलंस तर तो पत्र्यावरचा पाऊस होईल. तुझ्या नाटकातलं घर कौलारू आहे.

आता इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचं रूपक. हे मी तीनदा ऐकलं. चौथ्या मिनिटाला ते निवृत्त आजोबा बोलू लागतात, आणि खोलीत पंखासुद्धा बंद असताना ओरडून बोलतात. जन्मभर मागांच्या खडखडाटात बोललेला तो गळा! अंगावर काटा आला माझ्या. आणि नेमकं तिथंच तू आवाज खाली घेऊन निवेदकाला आणलंस: “मागांच्या गोंगाटामुळे कामगारांना मोठ्याने बोलायची सवय लागते.” अगं, ते ऐकू येतंय ना! काढ ते वाक्य. १९५७ मध्ये इंग्लंडात ब्रेकची वाफेची नळी फुटून एक मालगाडी उतारावर सुटली. जॉन अ‍ॅक्सन हा चालक इंजिनावरून उतरला नाही, त्यात तो गेला. बीबीसीचे निर्माते चार्ल्स पार्कर आणि गायक-गीतकार इवान मॅकॉल टेपरेकॉर्डर घेऊन त्याच्या सोबत्यांकडे गेले. त्या काळी अशी बोलणी लिहून काढून नटांकडून वदवून घेत. पार्करने टेप ऐकल्या आणि माणसांचे मूळ आवाजच ठेवले. १९५८ च्या त्या कार्यक्रमात निवेदक नाही, मधला धागा गाण्यांनी जोडला आहे. तुझ्याकडे गाणी नाहीत, पण माग आहेत. दोन बोलण्यांच्या मध्ये माग चालू दे.

प्रश्नमंजूषा दुपारी ४ ला ठीक आहे, फक्त ती घाई काढ. हमीद सयानी आणि पुढे अमीन सयानी रेडिओवर घ्यायचे त्या ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ या शालेय स्पर्धेत घरबसले उत्तर देण्याचीच गंमत होती. प्रश्नानंतर चार सेकंद थांब, म्हणजे चहा गाळणारा माणूस स्पर्धकाआधी ओरडेल. एखादा प्रश्न असा ठेव की दोघांनी तर्क करत, चुकत, मोठ्याने विचार करत उत्तरापर्यंत यावं. बीबीसीवर १९४७ पासून एक प्रश्नमंजूषा याच रीतीने चालते.

आणि रात्रीचं नाटक संपलं की उद्घोषकाला लगेच बोलू देऊ नकोस. पाच सेकंद. केंद्रप्रमुख रागावले तर माझं नाव सांग.

रविवारी कलाकारांना घेऊन इकडेच ये, बैठं वाचन करू. संहितेच्या पिना आधीच काढ, पानं सुटी हवीत, आणि कागद जाडसर आण. पातळ कागद फार कुरकुरतो. सूप माझ्याकडे आहे.

तुझी,
मावशी