१२ मार्च: परिपाठासाठी कोणता दिनविशेष घ्यावा?

मुलगी सहावीत आहे, १२ मार्चला परिपाठात दिनविशेष वाचण्याची तिची पाळी आहे आणि त्या दिवशी इतिहासात नेमके काय घडले हे तुम्हाला हवे आहे, असा तुमचा प्रश्न आहे. मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर रोजचा दिनविशेष लिहिण्याचे कामही बराच काळ माझ्याकडे होते. त्या अनुभवावरून सांगतो की पंधरा घटनांची यादी वाचून दाखवली, तर रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या कानावरून ती नुसती वाहून जाते. दोन-तीनच घटना घ्याव्यात आणि त्या नीट सांगाव्यात. १२ मार्चच्या बाबतीत ही निवड आपल्या भागातल्या माणसाला मुळीच अवघड नाही.

पहिला मान अर्थातच यशवंतराव चव्हाणांचा. त्यांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, म्हणजे त्यांच्या आजोळी, झाला. येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, कारण आमच्या शाळेत यावरून दोन मुलांची दरवर्षी ठरलेली खडाजंगी व्हायची. एकाच्या पुस्तकात 'जन्म सातारा जिल्हा' असे असायचे आणि दुसरा नकाशावर बोट ठेवून देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात दाखवायचा. दोघेही बरोबर होते. १९१३ साली सांगली हा जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये साताऱ्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आज देवराष्ट्रे कडेगाव तालुक्यात मोडते.

यशवंतरावांचे वडील बळवंतराव न्यायालयात बेलीफ होते. प्लेगच्या साथीत ते गेले आणि आई विठाबाईंनी मुलांना वाढवले. शिक्षण कराडला झाले. पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक असतो, तरी मुलीने तारखा पक्क्या कराव्यात: १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री. 'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य तेव्हापासूनचे. जिल्हा परिषदांची व्यवस्था १ मे १९६२ पासून त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या मुलांना हा दुवा सांगितला की ते कान टवकारतात, असा माझा अनुभव आहे. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे दिल्लीत निधन झाले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरची समाधी आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी सहलीत पाहिलेली असते.

याच तारखेला, दोन वर्षे आधी, १२ मार्च १९११ रोजी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर जन्मले. दोन शेजारी राज्यांच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांचा वाढदिवस एकच, आणि बांदोडकरांचा पक्ष तर गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूचा! जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोमंतकीयांनी तो पर्याय नाकारला, हे निराळे. असे योगायोग मुलांना फार आवडतात. आणखी एक योगायोग हवा असेल तर ज्या दिवशी देवराष्ट्र्यात यशवंतराव जन्मले, नेमक्या त्याच दिवशी, १२ मार्च १९१३ रोजी, ऑस्ट्रेलियाच्या नव्या राजधानीचे 'कॅनबेरा' हे नाव जाहीर झाले. यातून काही निष्पन्न होत नाही, पण लक्षात मात्र राहते.

दुसरी घटना दांडीयात्रेची, आणि येथे मी स्वतः केलेली चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी फळ्यावर लिहिले, '१२ मार्च १९३०: गांधीजींनी दांडी येथे मीठ उचलून कायदा मोडला.' मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी आली आणि शांतपणे म्हणाली, "सर, अहमदाबादेहून चालत निघालेला माणूस त्याच दिवशी समुद्रावर कसा पोचेल?" मी डस्टर घेऊन बाहेर गेलो. बारा मार्च हा निघण्याचा दिवस आहे. एकसष्टीत पोचलेले गांधीजी त्या दिवशी साबरमती आश्रमातून ७८ सत्याग्रहींसह निघाले, सुमारे ३८५ किलोमीटर चालून ५ एप्रिलला दांडीला पोचले आणि ६ एप्रिलला सकाळी त्यांनी मीठ उचलले. छापील दिनविशेषांतही ही गल्लत आढळते, म्हणून मुलीने तेवढे जपावे.

या यात्रेत पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, जे आश्रमात संगीत शिकवत आणि प्रार्थनेची भजने बसवत. ते पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, आणि पलुस्करांची तालीम आपल्या मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झालेली. आमच्या भागाला समुद्र नाही, त्यामुळे मिठाऐवजी जंगलाचा कायदा मोडला गेला; शिराळा तालुक्यातील बिळाशीचा १९३० चा जंगल सत्याग्रह हा त्याच चळवळीचा भाग होता.

योगायोग आणि मुद्दाम निवडलेली तारीख यांतला फरक दाखवायचा असेल, तर मॉरिशसचे उदाहरण घ्यावे. तो देश १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झाला आणि १२ मार्च १९९२ रोजी प्रजासत्ताक झाला. स्वातंत्र्याची तारीख दांडीयात्रेच्या स्मरणार्थ ठरवलेली होती. तेथे ब्रिटिशांनी १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी भारतातून करारावर मजूर नेले. त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात आजही सार्वजनिक सुट्टी असते. स्वतः गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना तेथे काही दिवस थांबले होते.

तिसरी घटना वाचावी की नाही हे वर्गशिक्षकांना विचारून ठरवा. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि पुढील दोन तासांत शहरात ठिकठिकाणी स्फोट होत राहिले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. स्फोटांच्या ठिकाणांत झवेरी बाजारही होता. विटा, खानापूर, आटपाडी या भागातील असंख्य घरांतील माणसे सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली, त्यांतली कित्येक मुंबईत. त्या संध्याकाळी आमच्या गावच्या एसटीडी बूथसमोर जी रांग लागली होती ती मला अजून दिसते. लाइन मिळत नव्हती, बूथवाला पुन्हा पुन्हा तोच नंबर फिरवत होता, आणि रांगेत मागे उभी असलेली एक म्हातारी मुलाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घामाने पुसली जाईल म्हणून पदराच्या टोकाला गुंडाळून धरत होती. सहावीच्या मुलीने आकडे सांगून एक मिनिट शांत उभे राहायला सांगितले तरी पुरे.

बाकीचे थोडक्यात. १९२५ मध्ये याच दिवशी चीनचे नेते सन यत्-सेन यांचे निधन झाले आणि चीनमध्ये हा दिवस वृक्षारोपणाचा म्हणून पाळतात. १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरले. १९८९ च्या मार्चमध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत माहिती जोडण्याच्या पद्धतीचा प्रस्ताव मांडला, आणि १२ मार्च हा वेबचा वाढदिवस मानला जातो. जागतिक मूत्रपिंड दिन काही ठिकाणी १२ मार्चच्या यादीत घुसवलेला दिसेल, परंतु तो मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी असतो, त्यामुळे दरवर्षी तारीख बदलते. त्या वर्षीचे कॅलेंडर पाहिल्याशिवाय तो फळ्यावर लिहू नये.