रुग्णांसाठीचे आरोग्य संदेश एआयकडून लिहून घ्यावेत का?

घ्या, पण कच्चा खर्डा म्हणूनच. जुलाबावरचा संदेश मागितला की ते ‘मौखिक पुनर्जलीकरण द्रावणाचे सेवन करावे’ असं काहीतरी लिहितं, म्हणजे ओआरएसचं (मीठ-साखरेच्या पुडीचं) पाणी प्यावं. बाळाच्या आईला हे कसं कळणार? तिला सांगा, ‘ओआरएसचं अख्खं पाकीट एकदम पाण्यात विरघळवा, घोट घोट पाजा, 24 तासांनी उरलेलं ओतून टाका.’

आकडे तर स्वतःच तपासा. आपल्याकडे 1 लिटरचं पाकीट मिळतं, तसं 200 मिलीचंही. संदेशात सरसकट ‘1 लिटर पाणी’ आलं तर छोट्या पाकिटाचं पाणी अगदीच पातळ होतं. उलट झालं तर मीठ जास्त होतं, आणि ते तान्ह्या बाळाला फार धोक्याचं. म्हणून ‘पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी’ असं लिहा.

डॉक्टरांनी वाचल्याशिवाय पाठवू नका. रुग्णाचं नाव, रिपोर्टही एआयमध्ये टाकू नका.