विक्रमी पिकानंतरची खरड छाटणी

प्रश्न : आमची दीड एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे, लागवड ९ बाय ५ फुटांवर. यंदा वेलीला चाळीसेक घड ठेवले, एकरी १४ टन माल निघाला आणि दरही चांगला मिळाला. शेवटची तोड २५ मार्चला झाली. एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात खरड छाटणी (काढणीनंतर नव्या काड्यांसाठी घेतात ती) उरकायची आणि पुढच्या हंगामाला पन्नास घड धरायचे, असं घरात ठरतंय. बाग आता बसली आहे, मग देठ आणि काडी तपासणीवर दर वर्षी खर्च कशाला? – एक बागायतदार, तालुका तासगाव

उत्तर : १४ टन काढणं सोपं नाही, त्यामागचे कष्ट कळतात. पण तुमचे सगळे बेत बाग जोमात आहे असं धरून केलेले आहेत, आणि आज ती थकलेली आहे. हिशेब करून पाहा. ९ बाय ५ म्हणजे वेलीला ४५ चौरस फूट, एकरात साधारण ९६८ वेली. दीड चौरस फुटाला एक घड धरला तर वेलीला ३० घड होतात, आणि ३५० ते ४०० ग्रॅमच्या घडाने एकरी १० ते साडेअकरा टन. पानं तेवढीच असताना तुम्ही १४ टन पोसले. जादा माल वेलीने ओलांड्यात (मांडवावरच्या आडव्या फांद्यांत), खोडात आणि मुळांत साठवलेल्या अन्नातून भरला. एप्रिलमध्ये डोळे, म्हणजे काडीवरच्या फुटीच्या कळ्या, फुटतात तेही याच साठ्यावर. तो भरायच्या आत कात्री लावली की फूट मागे-पुढे निघते आणि काड्या बारीक राहतात.

म्हणून छाटणी १५ ते २० एप्रिलच्या दरम्यान घ्या. त्याहून लांबवू नका, नाहीतर घडनिर्मितीचे दिवस जूनच्या ढगाळ हवेत जास्त अडकतील. मधल्या तीन आठवड्यांत, पुष्कळ जण करतात तसं, शेवटचा क्रेट गाडीत चढला की ड्रीप बंद करू नका. हलकं पाणी चालू ठेवा, माती परीक्षण पाहून खताचा हप्ता द्या, भुरी आणि केवडा या बुरशीच्या रोगांपासून पानं सांभाळा. ही जुनी पानंच आता साठा भरणार आहेत.

पुढच्या वर्षीचे घड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत डोळ्यात ठरतात, आणि नेमका हाच काळ लोक मोकळा समजतात. वेलीला ३० ते ३५ काड्या ठेवून बाकीची फूट वेळेत विरळा, सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (मुख्य काडीवरची बगलफुटीची काडी) करा, या दिवसांत नत्र आणि पाणी आवरतं घ्या. भर दुपारी मांडवाखाली उभं राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसत नसतील तर आतल्या डोळ्यांना ऊन मिळत नाही, असं समजा. ४५व्या दिवशी काडीच्या तळापासून पाचव्या पानाचे देठ तपासायला पाठवा, वेलीत कोणतं अन्नद्रव्य कमी आहे ते त्यातून कळतं. भरघोस पिकानंतरच्या वर्षी हा खर्च वाचवणं आम्हाला मुळीच पटत नाही.

काडी तपासणीचंही तेच. फळ छाटणीच्या, म्हणजे घडांसाठी करतात त्या दुसऱ्या छाटणीच्या, आठ-दहा दिवस आधी जाड, मध्यम आणि बारीक काड्यांचे नमुने वेगवेगळे द्या. घड कितव्या डोळ्यात आहे हे दर वर्षी बदलतं. गेल्या वेळी सहाव्यावर कापली म्हणून यंदाही सहाव्यावर कापली आणि घड सातव्या-आठव्यात असला, तर तो कात्रीबरोबर जातो आणि हाती वांझ फूट येते. थकलेल्या वेलीवर दिसलेला बारीक घडही जिरून त्याची बाळी, म्हणजे नुसता तणावा, होते. हे सगळं छाटणीनंतर पंधरवड्यात दिसतं, तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं.

पन्नास घडांचा विचार सोडा. पुढच्या हंगामाला ३०, फार तर ३२.

प्रश्न : तीन वर्षं माल युरोपला जातोय, औषधाच्या अंशासाठी तपासलेला एकही नमुना नापास नाही. तरी प्रत्येक औषध निर्यातीच्या यादीत पाहायचं? – निफाड तालुक्यातून

उत्तर : हो, दर हंगामाला, आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या चालू यादीतच. फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस आणि मालात चालणारी अंशमर्यादा बदलत राहतात. २०१० मध्ये भारतीय द्राक्षं युरोपात अडकली ती सीसीसीच्या, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे. वाढ रोखायला ते प्रामुख्याने खरड छाटणीनंतर वापरलं जायचं, म्हणजे काढणीच्या कितीतरी महिने आधी. ते वेलीत टिकून मण्यांत उतरलं. तेव्हा फवारणीची वही फळ छाटणीपासून नको, एप्रिलपासूनच लिहा.

वहीत औषधाच्या नावाशेजारी सक्रिय घटक लिहा. तीन कंपन्यांच्या तीन बाटल्यांत एकच घटक निघतो. तोच पुन्हा पुन्हा मारला की केवडा त्याला जुमानत नाही, आणि अंशही वाढतो. गेल्या वर्षीचं वेळापत्रक तारखांसकट उतरवू नका. केवड्याला ओली पानं लागतात, त्यामुळे पोंग्यापासून (डोळा फुगून उघडतो तेव्हापासून) फुलोऱ्यापर्यंत तारखेपेक्षा पाऊस, दव आणि पानामागची पांढरी बुरशी पाहून फवारणी ठरवा. आणि लेबलवर घटक न लिहिलेलं टॉनिक कुणी फुकट दिलं तरी टाकीत ओतू नका. त्यात सीसीसी किंवा एखादं कीटकनाशक असलं, तर ते प्रयोगशाळेच्या अहवालातच कळतं.