वाचकांचे प्रश्न : निकाल 'इन्व्हॅलिड' का ठरतो?

प्रश्न (रामबाग, इंदूर): घरचा संगणक रात्रभर 'आइन्स्टाइन ॲट होम'साठी (स्वयंसेवकांच्या संगणकांवर दुर्बिणींच्या नोंदी तपासून घेणारा प्रकल्प) चालू असतो. मे महिन्यात दोन निकाल 'इन्व्हॅलिड' म्हणजे बाद ठरले. आम्ही खोटे निकाल पाठवतो असा संशय घेतात का? आणि अनोळखी लोकांच्या संगणकांवर शास्त्रज्ञ भरवसा तरी कसा ठेवतात?

उत्तर: संशय तुमच्यावर मुळीच नाही. भरवसा माणसावर नसतोच, दोन निकालांच्या जुळणीवर असतो. एकच काम दोन वेगवेगळ्या स्वयंसेवकांकडे जातं. उत्तरं जुळली तर दोघांनाही क्रेडिट (कामाचे गुण) मिळतं. न जुळली तर तेच काम तिसऱ्याकडे जातं आणि एकटा पडलेला निकाल बाद होतो. प्रोसेसर किंवा ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की दशांशातले शेवटचे अंक थोडे हलतात, तेवढा फरक तपासणीत चालवून घेतात. 2010 मध्ये पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून या प्रकल्पाला पहिला रेडिओ पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारा, वेगाने फिरणारा तारा) सापडला. त्याचं श्रेय आयोवातलं एक जोडपं आणि जर्मनीतले एक गृहस्थ अशा दोन घरांत गेलं, ते या दुहेरी गणितामुळेच! पुढे इतर दुर्बिणींनीही तो पाहून खात्री केली.

यात निम्मी मेहनत तपासणीत जाते, हे खरं. म्हणून बॉइंकमध्ये (हा प्रकल्प ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) दुसरी सोयही आहे: एखाद्या संगणकाचे सलग 10 निकाल बरोबर निघाले की त्याची कामं दुसऱ्याकडे अधूनमधूनच पाठवायची. कोणती, ते आधी कळत नाही, त्यामुळे लबाडी फार काळ टिकत नाही.

तुमच्याकडे बहुधा उष्णता नडली. माळव्यातल्या मे महिन्यात बंद खोलीत प्रोसेसर तापतो, एखादा बिट चुकतो आणि संगणक बंद न पडता चुकीचं उत्तर देतो. आधी पंखा आणि हीटसिंकवरची (प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) धूळ काढा. ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) केलं असेल तर बंद करा, रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपीसुद्धा. मग रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर चालवा. एकही चूक दिसली तर रॅमच्या पट्ट्या एकेक करून तपासा. शेवटी बॉइंकच्या सेटिंगमध्ये 'सीपीयू'चा (म्हणजे प्रोसेसरच्या किती गाभ्यांनी काम करायचं त्याचा) वापर 50 टक्क्यांवर आणा. त्याखालचा 'सीपीयू टाइम' 100च राहू द्या; तो कमी केला की प्रोसेसर सारखा चालू-बंद होतो. यानंतरही निकाल बाद होत असतील तर पॉवर सप्लाय तपासून घ्या.